आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) आणि आरटीएक्स ४०६० (८ जीबी): कोणतं कार्ड कोणासाठी

ही दोन्ही एनव्हिडिया कंपनीची ग्राफिक्स कार्डं, म्हणजे संगणकात पडद्यावरचं चित्र तयार करणारे भाग. नावातला आकडा हजाराने वाढलेला दिसला की ४०६० म्हणजे ३०६० ची सुधारलेली आवृत्ती असं कोणालाही वाटेल. गेम खेळताना बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. पण दोन्ही कार्डांची मोजमापं शेजारी-शेजारी मांडली की लक्षात येतं, एनव्हिडियाने ४०६० ला वेगवान चिप दिली आणि त्या चिपच्या अवतीभवतीच्या तीन गोष्टी कापल्या. मेमरी १२ जीबीवरून ८ वर आणली, मेमरीकडे जाणारा रस्ता १९२ बिटवरून १२८ बिट केला आणि मदरबोर्डशी जोडणाऱ्या लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, १६ वरून ८ केल्या. या तिन्ही कपाती ज्याच्या कामात आड येत नाहीत त्याने खुशाल ४०६० घ्यावं. ज्याच्या येतात, त्याला नवं कार्ड घेऊनही जुन्यापेक्षा मंद काम मिळण्याची शक्यता आहे, आणि हे दुकानाच्या काउंटरवर सहसा कोणी सांगत नाही.

आधी मूळ आकडे. ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये ३२९ डॉलरला आलं: ३५८४ कूडा कोअर (चिपमधली गणितं करणारी छोटी केंद्रं), १७७७ मेगाहर्ट्झ बूस्ट क्लॉक (भाराखालचा चिपचा वेग), १२ जीबी जीडीडीआर६ प्रकारची मेमरी, सेकंदाला ३६० जीबी बँडविड्थ (मेमरीतून डेटा येण्याचा वेग), १७० वॅट. चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवरची. ४०६० जून २०२३ अखेरीस २९९ डॉलरला आलं: ३०७२ कूडा कोअर, २४६० मेगाहर्ट्झ बूस्ट, ८ जीबी जीडीडीआर६, सेकंदाला २७२ जीबी बँडविड्थ, ११५ वॅट. ही चिप टीएसएमसीकडे बनते. कोअर कमी असूनही ४०६० पुढे जातं ते या चढ्या क्लॉकमुळे. शिवाय चिपच्या पोटातला एल२ कॅशे (हाताशी ठेवलेली छोटी, वेगवान मेमरी) ३ एमबीवरून २४ एमबी झाला आहे. हा कॅशे लक्षात ठेवा, कारण अर्ध्या निकालाचं कारण तोच आहे. गेम तेच ते टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) आणि तीच ती माहिती पुन्हा पुन्हा मागतो, ती कॅशेत सापडली की मेमरीपर्यंत जावं लागत नाही आणि अरुंद रस्ता जाणवत नाही. एकदाच वाचायचा आणि सोडून द्यायचा असा प्रचंड डेटा असेल तर कॅशे काहीच मदत करत नाही.

१०८० पी वर, दोन्ही कार्डांना पुरेशी मेमरी मिळत असेल अशा सेटिंगला, ४०६० सेकंदाला साधारण १५ ते २० टक्के जास्त फ्रेम (चित्रं) देतं. म्हणजे ३०६० वर ६० फ्रेम मिळत असतील तर इथे ७० च्या आसपास. १४४० पी ला हा फरक थोडा आक्रसतो. व्हॅलोरंट, सीएस२, जीटीए ५ असे गेम खेळणाऱ्याला दोन्ही कार्डं पुरून उरतात. तिथे अडवणूक प्रोसेसरची होते, कार्डाची नाही. फक्त हेच गेम खेळायचे असतील तर या दोघांत डोकं शिणवण्याऐवजी उरलेले पैसे १४४ हर्ट्झ मॉनिटरमध्ये घालावेत.

खरा प्रश्न सुरू होतो नव्या, भारी टेक्स्चरच्या गेममध्ये. व्हीरॅम, म्हणजे कार्डावरची मेमरी, भरली की काय होतं हे नीट समजून घ्यायला हवं, कारण सरासरी फ्रेमच्या आकड्यात ते दिसत नाही. कार्डाची मेमरी संपली की ड्रायव्हर जास्तीचा डेटा संगणकाच्या साध्या रॅममध्ये ठेवतो आणि लागेल तसा कार्ड बसवायच्या खाचेतून, म्हणजे पीसीआयई स्लॉटमधून, ओढतो. सरासरी ५५ फ्रेम दिसत राहतात, पण मान वळवली की गचका बसतो, दार उघडलं की चित्र क्षणभर थिजतं. काही गेम गचके टाळायला आपणहून टेक्स्चर खाली उतरवतात. हॉगवर्ट्स लेगसीमध्ये ८ जीबी कार्डांवर अल्ट्रा सेटिंगला भिंती आणि चेहरे चिखलासारखे दिसण्याचा प्रकार त्यातलाच. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल या डिसेंबर २०२४ च्या गेममध्ये टेक्स्चर पूलची वेगळी सेटिंग आहे. ती वर नेली की ८ जीबी कार्ड कोलमडतं आणि १२ जीबीचं ३०६० तीच सेटिंग शांतपणे पेलतं. टेक्स्चरची गुणवत्ता वाढवायला चिपचा वेग फारसा खर्च होत नाही, फक्त जागा लागते. म्हणून ३०६० वर टेक्स्चर सर्वोच्च ठेवून सावल्या आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब) मध्यमवर आणणं हा चांगला मेळ बसतो. ४०६० वर उलट करावं: टेक्स्चर एक पायरी खाली, बाकीचं वर.

आता लेनचा मुद्दा, जो आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक लोक नवा संगणक घेत नाहीत, जुन्यात कार्ड घालतात. ४०६० चा कनेक्टर दिसायला पूर्ण लांबीचा असला तरी त्यातल्या ८ लेनच जोडलेल्या असतात. मदरबोर्ड पीसीआयईच्या ४.० आवृत्तीचा असेल तर ८ लेनमधून एका दिशेने सेकंदाला सुमारे १६ जीबी जातात, आणि तेवढं पुरतं. पण रायझनसाठीचे बी४५० बोर्ड, इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतचे सगळे डेस्कटॉप प्रोसेसर आणि रायझन ५६००जी सारखे ग्राफिक्सवाले प्रोसेसर हे सगळे पीसीआयई ३.० वर थांबतात. बी५५० बोर्डात ५६००जी बसवला तरी स्लॉट ३.० नेच चालतो, हे अनेकांना माहीत नसतं. तिथे ४०६० ला सुमारे ८ जीबीचा रस्ता मिळतो, ३०६० ला १६ लेनमुळे त्याच्या दुप्पट. मेमरी भरलेली नसेल तर हा फरक दोन-चार टक्क्यांचा. मेमरी भरून सांडायला लागली की मात्र ४०६० च्या दोन्ही कपाती एकदम अंगावर येतात: सांडतंही तेच कार्ड आधी, आणि ओढून आणायचा रस्ताही त्याचाच अरुंद.

इंटेलचा एच६१ बोर्ड आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय५ अजून हजारो घरांत चालू आहे. त्यात ही दोन्ही कार्डं घालू नयेत. दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर पीसीआयई २.० चा, म्हणजे ४०६० ला अवघे ४ जीबी प्रति सेकंद, आणि प्रोसेसर इतका मागे की कार्ड निम्मा वेळ रिकामं बसेल. आधी बोर्ड, प्रोसेसर, रॅम बदला.

कार्ड कोणत्या वेगाने जोडलं गेलं आहे हे जीपीयू-झेड या छोट्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ‘बस इंटरफेस’ या चौकटीत दिसतं. संगणक निवांत असताना तिथे ‘१.१’ दिसेल, घाबरू नका. वीज वाचवायला लिंक स्वतःच खाली उतरते. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट चालू केली की खरा आकडा येतो. ३०६० ला तिथे १६ ऐवजी ४ दिसले तर कार्ड चुकून खालच्या दुसऱ्या लांब स्लॉटमध्ये बसवलेलं आहे. साध्या बोर्डांवर तो स्लॉट दिसायला पूर्ण असतो, पण त्यात ४ लेनच असतात. प्रोसेसरच्या सर्वांत जवळचा स्लॉट वापरायचा.

सोबतीला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू करायला विसरू नये. दोन्ही कार्डं त्याला पहिल्या दिवसापासून तयार आहेत. बायोसमध्ये ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ आणि ‘रिसाइझेबल बार’ चालू, ‘सीएसएम’ (जुन्या पद्धतीने संगणक सुरू करणारी सोय) बंद. इथे एक हमखास घोळ होतो: जुनं विंडोज एमबीआर या जुन्या विभागणी-पद्धतीच्या डिस्कवर असेल तर सीएसएम बंद केल्यावर संगणक सुरूच होत नाही. लोक कार्ड खराब निघालं असं समजून दुकानात परत नेतात. आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘व्हॉल्यूम्स’ टॅबवर जीपीटी (नवी विभागणी-पद्धत) आहे का पाहा. एमबीआर असेल तर बॅकअप घेऊन विंडोजमधल्याच ‘एमबीआर२जीपीटी’ या साधनाने बदला. ते आधी तपासणी करतं आणि मग रूपांतर.

४०६० च्या जाहिरातीत सर्वांत ठळक असते ती डीएलएसएस ३ (एनव्हिडियाचं फ्रेम वाढवणारं तंत्र) ची फ्रेम जनरेशन. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनवलेली फ्रेम घालायची ही सोय ३०६० वर मिळत नाही. ती चांगली आहे, पण तिच्या अटी समजून घ्याव्यात. मूळ फ्रेम ५०-६० असतील तर चित्र ९०-१०० सारखं गुळगुळीत वाटतं. मूळ ३० असतील तर चित्र सरकतं छान, पण माउसला प्रतिसाद तिशीचाच, उलट किंचित जड. आणि बनवलेल्या फ्रेम ठेवायलाही व्हीरॅम लागते, काही गेममध्ये अर्ध्या जीबीच्या घरात. म्हणजे मेमरी काठोकाठ भरलेली असताना फ्रेम जनरेशन चालू केली की फायद्याऐवजी गचके वाढतात. डीएलएसएसचा रिझोल्यूशन वाढवणारा भाग मात्र ३०६० वर पूर्ण चालतो. जानेवारी २०२५ मध्ये आलेलं सुधारित ट्रान्सफॉर्मर मॉडेलही चालतं, फक्त जुन्या चिपवर त्याचा भार थोडा जास्त पडतो. एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीची एफएसआर ३ फ्रेम जनरेशन असलेल्या गेममध्ये ३०६० वालाही बनवलेल्या फ्रेम मिळवू शकतो. त्यामुळे केवळ या एका सोयीसाठी ४०६० घेणं मला पटत नाही. ज्याच्याकडे पीसीआयई ४.० बोर्ड आहे, जो १०८० पी वरच खेळतो आणि टेक्स्चर एक पायरी खाली चालवून घेतो, त्याने ते वेग आणि कमी विजेसाठी घ्यावं. फ्रेम जनरेशन ही वरची भर.

कामासाठी कार्ड घेणाऱ्यांचं गणित वेगळं आहे, आणि तिथे १२ जीबीचं जुनं कार्ड मला जास्त आदराचं वाटतं.

लग्नाचे आणि कार्यक्रमांचे व्हिडिओ संपादित करणाऱ्यांपासून सुरुवात करू. दाविंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ४के टाइमलाइनवर रंगसंस्काराचे चार-पाच नोड (टप्पे), वर फ्यूजन या त्यातल्याच भागाचं एखादं टायटल आणि नॉइज रिडक्शन लावलं की ८ जीबी संपते आणि ‘युअर जीपीयू मेमरी इज फुल’ ही पाटी येते. टाइमलाइन १०८० पी करून काम उरकता येतं, शेवटी एक्सपोर्टच्या वेळी ४के करायचं. पण एक्सपोर्टच्याच वेळी मेमरी भरली तर रेंडर मध्येच थांबतो. १२ जीबीवर ही पाटी बरीच उशिरा दिसते. ४०६० च्या बाजूने एक ठोस मुद्दा आहे: त्यात एव्ही१ या नव्या व्हिडिओ-स्वरूपाचा एन्कोडर आहे, ३०६० फक्त एव्ही१ वाचू शकतं, बनवू शकत नाही. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करणाऱ्याला ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमधून एव्ही१ पाठवून कमी अपलोड वेगात स्वच्छ चित्र देता येतं. गावाकडच्या कीर्तनाचं किंवा क्रिकेट सामन्याचं प्रक्षेपण ५-६ एमबीपीएसच्या जोडणीवरून करायचं असेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो.

आणि एक गोष्ट जी दोन्ही कार्डांना येत नाही: १० बिट ४:२:२ (जास्त रंगमाहिती साठवणारं) फूटेज हार्डवेअरमध्ये उलगडणं. सोनी आणि कॅननचे आजचे बरेच कॅमेरे असंच फूटेज देतात. ते टाइमलाइनवर अडखळतं आणि दोष कार्डाला दिला जातो. यावर उपाय कार्डात नाही, प्रोसेसरमध्ये आहे. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स एच.२६५ या व्हिडिओ-स्वरूपाचं ४:२:२ उलगडतं. म्हणून संपादनासाठी संगणक जुळवताना नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला इंटेल प्रोसेसर टाळावा, त्यात हे ग्राफिक्स बंद असतं. एच.२६४ चं ४:२:२ तिथेही उलगडत नाही, त्यामुळे कॅमेऱ्यातच एच.२६५ निवडावं नाहीतर प्रॉक्सी (फूटेजच्या हलक्या प्रती) बनवाव्यात.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ऑप्टिक्स (एनव्हिडियाची वेगवान पद्धत) चालू करून सायकल्स या त्याच्या इंजिनाने रेंडर केलं तर ४०६० स्पष्टपणे पुढे आहे, चतुर्थांशाहून जास्त. नव्या पिढीचे आरटी (रे ट्रेसिंग) कोअर तिथे राबतात. पण हे दृश्य मेमरीत मावलं तरच. झाडाझुडपांचं, ४के टेक्स्चरचं आर्किटेक्चरल दृश्य सहज ९-१० जीबी घेतं. ते ८ जीबीत कोंबलं तर एकतर ‘सिस्टीम इज आउट ऑफ जीपीयू मेमरी’ येतं, किंवा टेक्स्चर साध्या रॅममधून ओढताना रेंडर कित्येक पट रेंगाळतो. इंटीरियर आणि बांधकामाची चित्रं करणाऱ्यांनी १२ जीबीच घ्यावी. मोशन ग्राफिक्स, उत्पादनांची चित्रं, लोगो अशी हलकी दृश्यं असतील तर ४०६० वेळ वाचवेल.

आता घरच्या संगणकावर चॅटजीपीटीसारखी भाषा-मॉडेल चालवणाऱ्यांसाठी, कारण या कामात जुनं कार्ड नव्याला सरळ हरवतं आणि त्याचं कारण साधं आहे. मॉडेल प्रत्येक शब्दतुकडा बनवताना स्वतःची जवळजवळ सगळी वजनं (शिकलेले आकडे) मेमरीतून एकदा वाचतं. २४ एमबी कॅशेत ५ जीबी मॉडेल मावायचा प्रश्नच नाही, त्यामुळे ४०६० चं मुख्य हत्यार इथे बोथट होतं आणि उरते ती निव्वळ बँडविड्थ. ८ अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे तेवढ्या वजनांचं) मॉडेल ४ बिटमध्ये आकसवलं की सुमारे ५ जीबीचं. ३६० भागिले ५ म्हणजे सेकंदाला ७२ तुकडे ही ३०६० ची वरची मर्यादा, २७२ भागिले ५ म्हणजे ५४ ही ४०६० ची. प्रत्यक्षात दोन्हींकडे यापेक्षा कमी मिळतं, पण प्रमाण साधारण हेच राहतं. लांब संदर्भ द्यायचा असेल तर वर जागा लागते. मेटाच्या लामा ३ च्या ८ अब्जवाल्या मॉडेलला ८ हजार तुकड्यांच्या संदर्भासाठी आणखी सुमारे १ जीबी. १४ अब्जचं मॉडेल ४ बिटमध्ये ९ जीबीच्या आसपास जातं. ते ३०६० मध्ये पूर्ण बसतं. ४०६० मध्ये काही थर प्रोसेसरवर टाकावे लागतात आणि वेग एकदम पडतो. मराठीसाठी हा फरक मोलाचा आहे, कारण छोट्या मॉडेलांची मराठी लवकर घसरते.

भाषणाचं लेखन करणाऱ्या व्हिस्परचंही तेच. मराठीला त्याचं ‘लार्ज’ मॉडेलच वापरण्याजोगं आहे, आणि ओपनएआयच्या तक्त्यात त्याला सुमारे १० जीबी व्हीरॅम सांगितली आहे. मूळ स्वरूपात ते ३०६० वर चालतं. ४०६० वाल्याने फास्टर-व्हिस्पर ही त्याची हलकी आवृत्ती घेऊन ८ बिट निवडावं, मग ८ जीबीत आरामात बसतं.

विंडोजवर अशी कामं करताना एक सेटिंग बदलून घ्या, कार्ड कोणतंही असो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज’ खाली ‘कूडा – सिसमेम फॉलबॅक पॉलिसी’ आहे, ती ‘प्रेफर नो सिसमेम फॉलबॅक’ करा. नाहीतर मेमरी भरल्यावर चूक दाखवण्याऐवजी ड्रायव्हर गुपचूप साधी रॅम वापरतो आणि काम दहापट मंद का झालं याचा शोध घेण्यात दिवस जातो.

वीज आणि उष्णतेत ४०६० निर्विवाद चांगलं. फरक ५५ वॅटचा. रोज ४ तास पूर्ण भाराने चालवलं तर महिन्याला ६.६ युनिट, वर्षाला ७९. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला आठशेच्या आत. म्हणजे जुनं कार्ड फक्त दोन हजारांनी स्वस्त मिळत असेल तर तीन वर्षांत ती बचत महावितरणकडे जाते. हा फरक कमीही करता येतो. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये ३०६० चा पॉवर लिमिट ७५ टक्क्यांवर आणला की ते १२८ वॅटच्या आत राहतं आणि फ्रेम थोड्याच घटतात. थोडी मेहनत घ्यायची तयारी असेल तर कंट्रोल-एफ दाबून व्होल्टेजचा आलेख उघडा, ८५० मिलिव्होल्टचा बिंदू १८०० मेगाहर्ट्झपर्यंत उचला, पुढचा सगळा भाग सपाट करा आणि लागू करा. बहुतेक कार्डं एवढं पेलतात. गेम बंद पडला तर १५-१५ मेगाहर्ट्झने खाली या. जळगाव, अकोला, नागपूरकडे मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते. तिथे १७० वॅटचं कार्ड ८३ अंशांना टेकून स्वतःहून वेग उतरवू लागतं, त्यामुळे हा उपाय तिकडे ऐच्छिक मानू नका.

भारनियमनाच्या भागात यूपीएसचा हिशोब करा. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅट देतो. ३०६० चे १७०, रायझन ५ ५६०० चे ७६, बाकी बोर्ड-रॅम-डिस्कचे ४० मिळून २८६. एसएमपीएसची (संगणकाच्या वीज-पेटीची) कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीतून ३३६, वर मॉनिटरचे ३० म्हणजे ३६६. गेम चालू असताना वीज गेली की यूपीएस किंचाळून बंद. ४०६० सोबत हाच आकडा ३०२ वर थांबतो आणि संगणक नीट बंद करायला वेळ मिळतो.

एसएमपीएससाठी एनव्हिडिया दोन्ही कार्डांना ५५० वॅट सांगते. चांगल्या कंपनीचा ८० प्लस ब्राँझ ४५० वॅटही चालतो, पण लेबलवर १२ व्होल्टसमोर किमान ३० अँपिअर लिहिलेले हवेत. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या ‘४५० वॅट’वर विसंबू नका. ४०६० ला ११५ वॅट लागतात आणि स्लॉट फक्त ७५ देतो, त्यामुळे त्यालाही ८ पिनची जोडणी लागतेच. ती नसेल तर साटामधून (डिस्कसाठीच्या वीजजोडणीतून) ८ पिन करणारा अडॅप्टर अजिबात लावू नका. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर ४.५ अँपिअर म्हणजे ५४ वॅटसाठी बनवलेला असतो, तो वितळतो.

खरेदीत सर्वांत मोठा धोका नावाचा आहे. ३०६० याच नावाने ८ जीबीचं कार्डही नंतर बाजारात आलं. त्याचा रस्ता १२८ बिटचा, बँडविड्थ २४० जीबी, आणि वेग १२ जीबीवाल्यापेक्षा स्पष्ट कमी. वर सांगितलेले ३०६० चे मेमरी आणि बँडविड्थचे फायदे त्यात नाहीत, ते घेऊ नये. ‘३०६० एम’ नावाने लॅपटॉपची चिप डेस्कटॉप बोर्डावर बसवलेली कार्डंही फिरतात: ६ जीबी मेमरी, ३८४० कोअर. त्यांचे ड्रायव्हर सरळ बसत नाहीत. जीपीयू-झेडमध्ये खऱ्या ३०६० ला ३५८४ शेडर (म्हणजेच कूडा कोअर), १९२ बिट, १२२८८ एमबी आणि ३६०.० जीबी दिसलं पाहिजे. ४०६० ला ३०७२, १२८ बिट, ८१९२ एमबी, २७२.० जीबी. नावाआधी ‘फेक’ दिसलं तर तिथेच थांबा.

सेकंडहँड ३०६० वर आणखी एक प्रश्नचिन्ह असतं. सप्टेंबर २०२२ पर्यंत, इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डाला गणितं करायला लावून ते चलन मिळवणं) बंद होईपर्यंत, यातली पुष्कळ कार्डं दिवसरात्र राबली आहेत. मायनिंग रोखणारी मर्यादा एनव्हिडियाने घातली होती, आणि मार्च २०२१ मध्ये तिच्याच ४७०.०५ या चाचणी ड्रायव्हरने ती चुकून उठवली. मायनिंगने चिप सहसा मरत नाही. झिजतात ते पंखे, वाळते ती चिप आणि कूलर यांच्यामधली पेस्ट, आणि सर्वांत आधी कोरडे पडतात मेमरीची उष्णता कूलरकडे नेणारे पॅड. अडचण अशी की या कार्डांवर मेमरीचं तापमान कोणत्याही सॉफ्टवेअरला दिसत नाही, एनव्हिडियाच्या या पिढीत ते फक्त जीडीडीआर६एक्सच्या कार्डांवर दिसतं. म्हणून मेमरी चाचणीनेच पारखावी लागते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला घ्या किंवा ऑनलाइन ओळखीतून, विकणाऱ्याकडे अर्धा तास मागा. आधी कार्ड हातात घेऊन पंखे बोटाने फिरवा. खरखर किंवा लटकणं असेल तर पंख्यांची किंमत वजा करा. स्क्रूवरचं वॉरंटीचं स्टिकर फाटलं आहे का, मागच्या बाजूला तेलकट डाग आहेत का पाहा. थोडं तेल पॅडमधून सुटतं, ते चालतं, काळा किंवा तपकिरी जळका डाग चालत नाही. मग संगणकात लावून फरमार्क ही पूर्ण भार टाकणारी चाचणी १५ मिनिटं. जीपीयू (कार्डाची मुख्य चिप) तापमान आणि हॉट स्पॉट (चिपचा सर्वांत तापलेला बिंदू) यांत १०-१५ अंशांचा फरक ठीक, २५ च्या वर गेला तर पेस्ट संपलेली आहे. त्यानंतर ओसीसीटीची व्हीरॅम चाचणी पूर्ण १० मिनिटं. एकही चूक आली तर कार्ड परत द्या. एक चूक म्हणजे मेमरीची चिप जायला लागली आहे, ती पेस्ट बदलून बरी होत नाही. तिन्ही डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय एकेक करून लावून पाहा. बायोस बदललेला असू शकतो, म्हणून जीपीयू-झेडच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये पॉवर लिमिट १७० वॅटच्या आसपास आहे का तेही बघून घ्या.

पेस्ट बदलायची झालीच तर चिपभोवतीचे चार स्प्रिंगवाले स्क्रू तिरप्या जोडीने थोडे-थोडे सैल करा. कूलर उचलताना पंख्याची आणि लाइटची वायर बोर्डाला जोडलेली असते, झटका देऊ नका. पॅडची जाडी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. अंदाजाने जाड पॅड लावला तर कूलर चिपवर टेकतच नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. जुना पॅड कडेला, जिथे तो दबलेला नाही तिथे, व्हर्नियरने मोजा आणि तेवढाच आणा.

४०६० नवं घेत असाल तर बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि तो डब्यावरच्या व कार्डावरच्या नंबराशी जुळवा. बहुतेक कंपन्या तीन वर्षांची वॉरंटी त्या नंबरावरच देतात. बिल नसलेल्या ३०६० ची वॉरंटी संपलेली आहे असं धरूनच भाव करा. एकाच पंख्याची छोटी ४०६० कार्डं २० सेंटिमीटरच्या आत मिळतात, छोट्या कॅबिनेटला ती सोयीची. मे २०२५ मध्ये २९९ डॉलरलाच आलेलं ५०६० नवा बोर्ड असणाऱ्याने ४०६० च्या आधी विचारात घ्यावं, वेगाला ते बरंच पुढे आहे. पण मेमरी तिथेही ८ जीबीच आहे, त्यामुळे ज्याला जागा हवी आहे त्याची अडचण तेही सोडवत नाही.